मोठ्या स्टेपलरची पिन एका बाजूने मुडपते, ८०-९० पानांचे सेट नीट बांधायचे कसे?

दुकानात_बसलेली

नमस्कार सगळ्यांना. नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये कोर्टाजवळ आमचं झेरॉक्स अन टायपिंगचं दुकान आहे, आधी बाबा पाहायचे पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून दीड वर्ष मीच बसते. काम म्हणाल तर दिवसभर सेट बांधणं, एक ओरिजिनल अन चार-पाच कॉप्या, कधी १५ पानं तर कधी ९०, अन सगळ्यांना सकाळीच पाहिजे राहते कारण नंतर कोर्ट सुरू होऊन जाते. छोट्या सेटला रोजचा टेबलावरचा स्टेपलर आहे, तो बरा चालते. मोठ्या सेटला लांब दांड्याचा हेवी ड्यूटी आहे, सहा वर्षं जुना, अन तोच महिनाभरापासून लय त्रास देऊन राहिला.

होते असं की पिनेचा डावा पाय बरोबर आत जाऊन मागून वळते, अन उजवा पाय कागदात घुसतच नाही, वरच्या वर गुंडाळी होऊन बसते. मग ती पक्कड घेऊन काढा, कागदाला भोक पडलेलं राहते, त्याच्या बाजूला दुसरी मारा. कधी दोन्ही पाय जातात पण मागे एकमेकांवर चढतात अन एकाचं टोक परत वर डोकं काढते. मागच्या आठवड्यात एका वकिलांच्या क्लार्कच्या अंगठ्याला तेच टोक लागलं, रक्ताचा डाग शपथपत्राच्या पानावर पडला, मी ते पान परत काढून दिलं, ते बिचारे काही बोलले नाहीत पण मला दिवसभर चैन नव्हती. अन तिसरं म्हणजे जाम. दोन पिना एकदम तोंडाशी अडकतात अन गिऱ्हाईक समोर उभं राहते.

पिना २३/१७ वापरते. दुकानदार म्हणाला होता मोठीच घ्या, सगळ्याला चालते. कागद साधा ए-फोर ७५ जीएसएम. बाबा म्हणतात दोन्ही हातांनी जोर लावून दाब, शेजारचे म्हणतात नवीन घेऊन टाक. पण आत्ताच मोठ्या मशीनचा ड्रम बदलला, लगेच आणखी खर्च नको वाटते. हा स्टेपलर दुरुस्त होते का? अन नेमकं आत काय बिघडते ते कोणी समजावून सांगाल का, म्हणजे मला माझं पाहता येईल.

घाईत_असलेला

ताई माझ्याकडे पण असाच होता, मी उभं राहून पूर्ण वजन टाकून दाबायचो, जायची पिन. करून पाहा.

इतवारी_स्टेशनरी

वरच्या भाऊंनी सांगितलं तसं करू नका ताई, त्याने दांड्याची खीळ ढिली होते अन मग मशीन खरंच कामातून जाते.

आधी पिनेचं बोलू, कारण तुमचा अर्धा त्रास पिनेतच आहे. मी इतवारीत वीस वर्षं स्टेशनरी विकून राहिलो, दहातले आठ लोक डब्यावरचा आकडा न पाहता पिना नेतात अन चूक आम्हा दुकानदारांची पण आहे, आम्ही सांगत नाही. २३/१७ मधला पहिला आकडा तारेचा गेज, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, म्हणून २६/६ ची पिन २४/६ पेक्षा नाजूक राहते अन २३ ची या तिन्हींत जाड. दुसरा आकडा म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये. म्हणजे तुमच्या पिनेचा एकेक पाय १७ मिलिमीटरचा आहे.

आता एक रिम हातात घ्या अन पट्टीने मोजा. ५०० कागद जवळजवळ ५ सेंटीमीटर भरतात. म्हणजे १० कागदाला १ मिलिमीटर, हा हिशोब डोक्यात पक्का बसवून टाका. ५० कागदाचा सेट ५ मिलिमीटर झाला. त्यात १७ ची पिन मारली तर मागे प्रत्येक पाय १२ मिलिमीटर उरला, दोघांचे मिळून २४, अन पिनेची रुंदी आहे सगळी मिळून १३ च्या आसपास. आता २४ मिलिमीटर तार १३ मिलिमीटरच्या जागेत आडवी झोपेल कशी? एक पाय दुसऱ्यावर चढणार अन टोक वर येणार. तुमच्या क्लार्कचा अंगठा त्याच टोकाने कापला.

मागे पाय उरला पाहिजे तीन ते चार मिलिमीटर, फार तर पाच. त्या हिशोबाने ९० कागदाला २३/१३ घ्या, ५० ला २३/८ किंवा २३/१०, अन २५ च्या आतल्याला तुमचा छोटा स्टेपलर अन २४/६ बस झाली. १७ ची पिन १२० ते १४० कागदांसाठी आहे, ती वेगळी काढून ठेवा, फेकू नका, कधीतरी लागते. आणखी एक, पाठपोट झेरॉक्स असली तर पान नंबर पाहू नका, कागद मोजा. ९० नंबरपर्यंतची फाईल पाठपोट काढली की ४५ कागदच राहतात अन लोक तिथे १३ ची मारतात.

तो छोटा नंबर १० चा स्टेपलर जो शाळेतली पोरं वापरतात त्याची पिन अरुंद राहते, ती २४/६ च्या मशीनमध्ये कधीच घालू नका, आत तिरपी होऊन बसते.

दुकानात_बसलेली

दादा हे आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. रिम मोजला, खरंच ५ सेंटीमीटर भरला. पण उजवा पाय घुसतच नाही ते पण पिनेमुळेच का? कारण ९० पानाच्या सेटला पण तसंच होऊन राहिलं.

महालचा_बाईंडर

ताई, इतवारीवाल्यांनी पिनेचा हिशोब सोळा आणे बरोबर सांगितला. एक पाय वरच्या वर गुंडाळणे हा मात्र मशीनचा आजार आहे. तुम्ही आत काय होते विचारलं म्हणून मनापासून सांगतो, कारण हे कळलं की माणूस पुन्हा कधी जोर लावत नाही.

दांड्याखालच्या लांब पट्टीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, पिनांची स्ट्रिप बसते. त्या पिना एकमेकींना हलक्या चिकटवलेल्या राहतात, आपण म्हणतो ना काडी, ती. मागून स्प्रिंगवाला ढकलणारा त्यांना पुढे रेटत राहते. अगदी तोंडाशी एक बारीक फट आहे, तिच्यात एका वेळी एकच पिन उभी राहिली पाहिजे. दांडा दाबला की वरून चपटी पोलादी ब्लेड उतरते, ती पुढच्या एका पिनेला मागच्यांपासून तोडते, खाली ढकलते, पाय कागदातून आरपार जातात, खालच्या प्लेटवर दोन खळगे आहेत त्यात पोचले की गोलाई धरून आत वळतात. दांडा वर गेला की स्प्रिंग पुढची पिन आणून उभी करते. एका दाबात चार कामं होतात अन चारही जागेवर व्हावी लागतात.

आता नीट लक्ष द्या. पिनेची तार काही फार कडक नसते. कागदात घुसताना ती वाकत नाही कारण त्या फटीच्या भिंती तिला बाहेरून धरून ठेवतात, हातात सुई धरतो तसं. भिंत एका बाजूने पसरली, झिजली, तर त्या बाजूच्या पायाला फुगायला जागा मिळते, अन जागा मिळाली की तो कागदात न जाता तिथेच मुडपते. पाय जितका लांब तितका लवकर मुडपते, म्हणून १७ च्या पिनेला हा त्रास १३ पेक्षा जास्त. जोर लावला तर आणखी मुडपते, घुसत नाही.

दुसरं कारण ब्लेड. ब्लेडची खालची धार एका कोपऱ्याला झिजली, गोल झाली, तर पिन तिरपी उतरते, एक पाय आधी टेकते. अन ती झिजलेली धार घसरून मागच्या पिनेला पण अर्धी पकडते, तेव्हाच तुमच्या दोन पिना एकदम अडकतात. तिसरं कारण खालच्या प्लेटचे स्क्रू ढिले होणे किंवा दांड्याची खीळ हलणे, मग वरचं तोंड अन खालचे खळगे समोरासमोर येत नाहीत.

हे घरी पाहता येते. पिना पूर्ण काढून घ्या. खाली जुन्या फाईलचा पुठ्ठा ठेवा अन दांडा हळूच पूर्ण दाबा. पुठ्ठ्यावर ब्लेडची एक बारीक रेघ उमटते. रेघ डावीकडे खोल अन उजवीकडे पुसट असली तर ब्लेड झिजली आहे. रेघ सारखी आहे पण खळग्यांच्या मधोमध येत नाही तर प्लेट सरकली. अन रेघ दोन्ही तऱ्हेने बरोबर आली तर मॅगझिनचं तोंड बॅटरीच्या उजेडात पाहा, दोन्ही ओठ, म्हणजे फटीच्या दोन कडा, सारखे आहेत का. आधी हे करा अन इथे लिहा, मग काय करायचं ते सांगतो. बोट मात्र तोंडासमोर नेऊ नका, एखादी पिन आत अडकलेली राहते.

माझं स्वतःचं काम महालात बाईंडिंगचं आहे, आमच्याकडे तयार पिनच नसते, तारेचं रीळ राहते. स्टिचिंग मशीन रिळातून तार ओढते, सरळ करते, तोडते, यू आकारात वाकवते, वह्यांतून आरपार घालते अन खालून दोन बोटं वर येऊन पाय मिटवतात. त्यात जाडीप्रमाणे तार किती ओढायची ते चाक फिरवून ठरवता येते, तुमच्या स्टेपलरमध्ये ती सोय नाही म्हणून डबा बदलावा लागते, फरक इतकाच. अमेरिकेत थॉमस ब्रिग्ज यांनी १८९६ मध्ये अशी तारेची मशीन बनवायची कंपनी काढली. अन त्याच्या आधी, १८७९ मध्ये जॉर्ज मॅकगिल यांनी पेटंट घेतलेला प्रेस होता त्यात एक पिन हाताने ठेवायची, दाबायची, परत दुसरी ठेवायची. म्हणजे पिन मारणं जमलं होतं, एकामागून एक बरोबर पुढे आणणं हे पुढे जमलं, अन आजही बिघाड जास्त तिथेच होते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी दीड महिना आमची मशीन दिवसभर टकटक करून राहते, तेव्हा तारेचा एक जरी मोड आला की पूर्ण थप्पी वाया जाते, म्हणून ही सवय लागली आहे पाहायची.

सोफावाला_भाऊ

ताई मी सोफ्याचं काम करतो, माही एअरची गन आहे, ८० नंबरची पिन लागते तिले. ब्लेडचं बाईंडर भाऊ बरोबर सांगून राह्यले, माह्या गनची बी ब्लेड एका कोपऱ्यातून झिजली होती तं कपड्यावर एक पाय उभाच राहे, अन गिऱ्हाईक हात फिरवे तं लागे त्याले. म्या पाच दिवस कंप्रेसरचं प्रेशर वाढवून पाह्यलं, काई फरक नाई पडला, उलट लाकूड फाटलं. मंग ब्लेड बदलली तं पहिल्या पिनेपासून बरोबर.

एक गोष्ट माह्याकून सांगतो, पावसाळ्यात पिनाईले गंज लागते. डब्बा उघडा ठेवला का काडी सरकतच नाई आत, स्प्रिंग रेटते पण ते अडते अन मंग ब्लेड खाली आली का पुढं अर्धीच पिन राह्यते. डब्बा प्लास्टिकच्या पन्नीत बांधून ठेवत जा. अन मॅगझिनमधी शिलाई मशीनचं तेल एक थेंब टाकत जा पंधरा दिवसातून, एकच, जास्त टाकलं तं तुमच्या कागदाले डाग पडन.

जाम काढताना पेचकस खुपसू नका त्याच्या तोंडात. म्या तसंच केलं होतं, ओठ फाकले गनचे, तेव्हापासून समजलं.

निवृत्त_कॅशियर

मुली, तुझा प्रश्न वाचून जुने दिवस आठवले म्हणून लिहितो. मी बँकेत कॅश काउंटरवर होतो. शंभर नोटांचं एक पाकीट, त्याला तेव्हा स्टेपल मारायची पद्धत होती, दिवसाला कितीतरी पाकिटं व्हायची. शंभर नोटा म्हणजे तुझ्या मोठ्या सेटसारखंच झालं. संध्याकाळी तळहाताचा मधला भाग लाल झालेला असे. अन ग्राहक पाकीट सोडवायला नखं लावायचे, नोटा फाटायच्या, भोकं पडायची, पिनेचा गंज लागायचा, ते पाहून वाईट वाटायचं. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्टेपल बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितलं, तेव्हा आमच्या काउंटरवरची ती अवजड मशीन कपाटात गेली.

सांगायचं म्हणजे हाताची पद्धत. आमचे एक हेड कॅशियर शिकवायचे, थप्पी आधी टेबलावर दोन्ही बाजूंनी ठोकून एकसारखी कर, मग मशीनच्या मागच्या आडव्या पट्टीला टेकव, डाव्या हाताने कागद अगदी पिनेच्या जवळ दाबून धर म्हणजे मध्ये हवा राहत नाही. दांडा सरळ खाली आण, स्वतःकडे ओढू नकोस. आधी हलकं टेकेपर्यंत, अन मग एका दमात शेवटपर्यंत. अर्ध्यावर थांबून परत दाबलं की पिन तिथेच वाकते. तू कदाचित गिऱ्हाइकाकडे पाहत तिरपी उभी राहून दाबत असशील, मशीन अगदी समोर घेऊन पाहा. बाबांना नमस्कार सांग, गुडघ्याला व्यायाम चुकवू देऊ नकोस.

दुकानात_बसलेली

काका, खरंच मी तिरपीच उभी राहते! काउंटरच्या उजव्या कोपऱ्यावर स्टेपलर ठेवला आहे, जागा तितकीच आहे ना, अन डावीकडून दांडा ओढावा लागते. आज दुपारी सरकवून समोर घेतला, टायपिंगचं टेबल थोडं मागे केलं.

अन बाईंडर दादा, पुठ्ठा ठेवून पाहिला. चार वेळा केलं. रेघ डावीकडे चांगली खोल येते अन उजव्या टोकाला जवळजवळ नाहीच, चौथ्यांदा तर बोट फिरवून पण लागली नाही. प्लेटचा एक स्क्रू पण हातानेच फिरला इतका ढिला होता. म्हणजे ब्लेडच ना? मॅगझिनचे ओठ मला तरी सारखे दिसले. आतमध्ये अर्ध्या तुटलेल्या तीन पिना निघाल्या.

महालचा_बाईंडर

हो ताई, ब्लेड. प्लेटचा स्क्रू आधी कसून टाका, पण कसताना एक पिन घालून पुठ्ठ्यावर मारून पाहा की दोन्ही पाय खळग्यात पडून राहिले का, मगच शेवटचा आटा द्या.

ब्लेडचं असं आहे, मोठ्या मशीनची ब्लेड दोन स्क्रू काढले की बहुतेक बाहेर येते. कोपरा थोडाच गोल झाला असेल तर बारीक कानस घेऊन खालची धार सरळ काटकोनात घासून घेता येते, सुरीसारखी धार करायची नाही, चपटीच पाहिजे, कारण तिने कापायचं नाही, ढकलायचं आहे. पण एका मिलिमीटरपेक्षा जास्त गेली असेल तर घासू नका, ब्लेड आखूड झाली की पिन शेवटपर्यंत दबत नाही अन वरून उभी राहते. मग नवीन ब्लेडच घ्या, कंपनी अन मॉडेल सांगून मागवता येते, पूर्ण मशीन घ्यायची काही गरज नाही.

तुम्हाला जमत नसेल तर घेऊन या महालात, मी पाच मिनिटात घासून देतो, पैसे नको, आमच्या मुलीच्या दाखल्याची कागदं तुमच्याच भागातल्या दुकानातून होतात.

इतवारी_स्टेशनरी

ब्लेड काढाल तेव्हा तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कोणती बाजू पुढे होती ते. उलटी बसवली की परत तोच त्रास.

एक_वकील_धंतोली

सगळं वाचलं. एक विनंती माझ्याकडून, सगळ्या झेरॉक्सवाल्यांना. ज्या सेटचं स्कॅनिंग व्हायचं आहे त्याला पिन मारूच नका, टॅग टाका किंवा क्लिप लावून द्या. आता ई-फायलिंगमुळे स्कॅनिंग वाढलं आहे, पिन काढली तरी तुटलेला पाय कागदात राहतो, तो स्कॅनरच्या कागद ओढणाऱ्या फीडरमधून गेला की काचेवर चरा पडतो अन मग प्रत्येक पानावर एक उभी काळी रेघ येते. आमच्या ऑफिसमध्ये हे झालं आहे, पूर्ण अपील परत स्कॅन करावं लागलं. अन पिन मारायचीच असेल तर डाव्या कोपऱ्यात समासाच्या आत मारा, मजकुरावर येऊ देऊ नका, कोर्टात पान उलटताना शेवटचा शब्द पिनेखाली गेला की फार अडचण होते.

दुकानात_बसलेली

चार दिवसांनी लिहून राहिली, माफ करा, सोमवारची गर्दी होती.

शनिवारी संध्याकाळी बाबांना सोबत घेऊन महालात गेले. दादांनी ब्लेड काढून माझ्या हातात दिली, बोटाएवढी लांब, चपटी, अन उजव्या कोपऱ्याला जसा साबणाच्या वडीचा कोपरा झिजते तशी गोल झालेली, डोळ्याने दिसत होती. बाबा म्हणाले इतकी वर्षं मी हिलाच जोराने दाबून राहिलो. दादांनी कानस फिरवली, मध्येमध्ये लोखंडी पट्टीवर उभी धरून उजेड येते का पाहत होते, मग मला पण दोन हात फिरवायला दिले. बसवल्यावर पुठ्ठ्यावर रेघ उमटली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी.

सोमवारी ९० पानाचे सहा सेट २३/१३ ने बांधले, एकही पिन वाया गेली नाही. मागून हात फिरवला तर पाय आतमध्ये चपटे झोपलेले. ५० चा एक सेट होता त्याला २३/१० मारली. काउंटरच्या काचेखाली चिठ्ठी करून ठेवली आहे, किती कागदाला कोणती पिन, म्हणजे मी नसले तरी दुकानातला मुलगा चुकणार नाही. स्कॅनिंगच्या सेटला आता विचारूनच पिन मारते वकील साहेब, क्लिपा आणून ठेवल्या आहेत.

ज्या क्लार्क काकांना लागलं होतं ते आज आले होते, त्यांना सेट देताना मी आधी स्वतःचा अंगठा मागून फिरवला अन मग दिला. ते म्हणाले आता बरोबर आहे.